आठवी रात्र कुणाची

“समुद्र रुंद आहे, तेच बरं.”

वावीची मिझे हे वाक्य उभ्या आयुष्यात किती वेळा बोलली असेल, त्याला मोजदाद नाही. लवंगा वाळत घालताना बोलली, विहिरीवर बोलली, लग्नाघरी भाताच्या हंड्याशी बसूनही बोलली. एखादी बाई मुद्दाम खोडी काढायची, “मिझे, एकोणीस वर्षं झाली, एकदा तांग्याला जाऊन सवतीचं तोंड तरी बघून ये की,” आणि मिझे हातातलं काम न थांबवता तेवढं एक वाक्य टाकायची. विषय तिथंच बुडायचा.

वाक्य खोटं नव्हतं. आमचं पेंबा बेट इकडं, तांगा शहर पलीकडं मोठ्या भूमीवर, आणि मध्ये निळ्याचं काळं होत गेलेलं पाणी, ज्याचा तळ कुठल्या नाखव्याच्या दोरीला कधी लागला नाही. मिझेचा नवरा मकामे त्या पाण्यावरचा नाखवा. स्वतःचं गलबत होतं त्याचं. इकडून लवंगा आणि सुकी मासळी न्यायची, तिकडून कांदे आणि घेवडा आणायचा. तांग्याला माल उतरेपर्यंत दिवस जायचे, वारा फिरेपर्यंत आणखी जायचे, आणि असे दिवस साठत साठत एके वर्षी त्यानं तिथं दुसरा संसार मांडला. बायकोचं नाव म्वानाइदी. ईदेच्या दिवशी जन्मलेली म्हणून म्वानाइदी.

त्यानं ही गोष्ट मिझेला भरदिवसा, जेवण झाल्यावर, हात धुऊन सांगितली. मिझे रडली नाही. तिनं भांडी घासायला घेतली, आणि त्या दिवशी पातेल्यांचे चुलीवरचे काळे तळ असे पांढरे निघाले की नवी वाटावीत. मग ती मशिदीच्या शेख हमीसकडे गेली आणि म्हणाली, “पाळी ठरवून द्या. तोंडी नको, चार माणसांत.”

शेखांनी ठरवून दिली. सात रात्री इथं, सात रात्री तिथं. आणि वाद नको म्हणून वर एक नियम घातला, की सूर्य मावळताना नवरा ज्या छपराखाली असेल, ती रात्र त्या घरची. गलबत दुपार कलल्यावर निघायचं आणि सकाळी पोचायचं. म्हणजे सूर्य मावळायचा तेव्हा मकामे पाण्यावर. ती रात्र ना हिची, ना तिची. जाताना एक, येताना एक, दोन्ही रात्री समुद्राच्या पोटात जायच्या आणि दोघींचं माप सारखं राहायचं. मिझेनं त्या मापाला एकोणीस वर्षं धक्का लागू दिला नाही.

पण माप सारखं म्हणून मन सारखं होतं असं कुठं आहे? मकामेच्या डोक्यावरची कशिद्याची टोपी म्वानाइदीच्या हातची. बारीक भोकाभोकाची, चंद्रासारखी पांढरी. ती टोपी धुवायची वेळ मिझेवर यायची, तेव्हा ती दगडावर आपटून धुवायची. आणि कांग्याचं, म्हणजे कमरेला गुंडाळायच्या आणि डोक्यावरून घ्यायच्या छापील कापडाचं, तर काय सांगावं. प्रत्येक कांग्याच्या काठावर काहीतरी लिहिलेलं असतं, आणि आमच्या बायका तोंडानं बोलत नाहीत ते त्या काठानं बोलतात. मकामे दोघींना एकाच थानातले कांगे आणायचा. टोमणा लिहिलेला आणला तर एकीला वाटायचं दुसरीनं लिहून पाठवला, म्हणून बिचारा वर्षाचे बारा महिने ‘ईद मुबारक’ लिहिलेलेच शोधून आणायचा. त्यालाही मिझे जळायची. “माझ्या कमरेला तिचं नाव गुंडाळायला आणतोस होय,” असं ती मनात म्हणायची, आणि ईदेखेरीज तो कांगा पेटीतून काढायची नाही.

असं चाललं होतं. मग मकामेचे गुडघे गेले.

गुडघे गेलेला नाखवा शिडाच्या दोराला लटकू शकत नाही. त्यानं गलबत तांग्याच्याच एका माणसाला विकलं आणि बारीकसारीक कांद्याचा धंदा ठेवला. मुलगा खेलेफ दार-एस-सलामच्या बंदरात नोकरीला. तो फोनवर म्हणाला, “बाबा, रात्रभर ओल्या फळीवर कशाला झोपता? विमानाचं तिकीट मी काढतो. वीस मिनिटांचं तर काम आहे.”

आमच्या वावीचा विमानतळ मिझेच्या लवंगेच्या झाडांमागेच. बारा माणसांचं विमान धूळ उडवत उठायचं आणि तिच्या छपरावरून मान वळवून पश्चिमेला जायचं. इतकी वर्षं ते वरून जाणारं एक यंत्र होतं. आता त्यात तिचा नवरा बसायला लागला. सकाळी तिच्या हातचा चहा पिऊन निघायचा, आणि तिच्या चुलीतला विस्तव विझायच्या आत तो पलीकडं उतरलेला असायचा.

येताना मात्र कांद्याची पोती बरोबर असायची. पोती विमानात कोण घेतंय? तो येताना गलबतानंच यायचा, खारट होऊन, कुणाच्या तरी पोत्यावर झोपून.

मिझेला हिशेब लागायला पहिलीच खेप पुरली. सकाळी निघाला, दुपारच्या आत पोचला, म्हणजे सूर्य मावळायला म्वानाइदीच्या छपराखाली. सवतीच्या रात्री झाल्या आठ. आपल्या सात. एकोणीस वर्षं समुद्र जी रात्र गिळत होता, ती त्या विमानानं उचलून नेमकी सवतीच्या ओटीत घातली होती.

“तिच्याकडे जायला पंख आणि माझ्याकडे यायला शीड,” ती नवऱ्याला म्हणाली.

“अगं खेलेफची आई, कांदे असतात.”

“कांदे तिकडेच राहू देत. तुम्ही या.”

“मग खायचं काय?”

“तिच्याकडे आठ दिवस खाता तेच.”

मकामे घरात गप्पच असायचा. गुडघ्यांना तेल लावून घ्यायचा, भिंतीला टेकायचा आणि दाराबाहेर बघत बसायचा.

शेजारीण सबीहा कुंपणावरून सगळं ऐकायची. ती म्हणाली, “मिझे, नवऱ्याला या वयात पंख फुटले म्हणायचे. जप बाई, पंखवाल्यांना फांद्या पुष्कळ.”

“तू आधी तुझ्या कोंबड्या माझ्या चटईवरून हाकल,” मिझे म्हणाली. पण ते पुष्कळ फांद्यांचं बोलणं उरात काट्यासारखं राहिलं.

ती परत शेख हमीसकडे गेली. शेखांच्याही दोन बायका, एक गावाच्या या टोकाला, एक त्या टोकाला. ते रोज संध्याकाळी चपला हातात घेऊन धुळीतून इकडून तिकडं जायचे.

“शेख, विमानाचा काहीतरी नियम करा.”

“बाई, सूर्याचा नियम केलाय ना?”

“तेव्हा विमान नव्हतं.”

“सूर्य तर तोच आहे,” शेख म्हणाले. मग आवाज खाली करून, “मिझे, मला एकदा वीस मिनिटं मिळाली असती तर मी ती चालण्यात घालवली नसती. एखाद्या झाडाखाली बसलो असतो. जा, माणूस घरी आला की त्याला जेवू घाल.”

पुरुषमाणूस पुरुषाचंच बोलणार. मिझे घरी आली, ती तांग्याला जाऊन बघायचं ठरवूनच. तिनं खेलेफला फोन केला, दाढ दुखते म्हणाली, तांग्याला चांगला दाताचा डॉक्टर आहे म्हणाली, एक तिकीट काढ. आईनं आयुष्यात काही मागितलं नव्हतं, पोरानं लगेच काढलं. मकामे सकाळच्या विमानानं गेला. मिझेनं शेळ्या सबीहाच्या दावणीला बांधल्या, पेटीतून ‘ईद मुबारक’ काढला, नेसली, डोक्यावरून घेतला.

सबीहा म्हणाली, “दाढ दुखते तर एवढी नटून?”

“डॉक्टरला दाखवायची आहे ना.”

“नवरा सकाळच्यानं, बायको दुपारच्यानं. हवेत धडकू नका म्हणजे झालं.”

विमानतळावर तिला काट्यावर उभं केलं, लवंगांच्या पोत्यासारखं. काट्यावरचा माणूस आकडा मोठ्यानं वाचायला लागला तेव्हा ती म्हणाली, “हळू बोल बाबा, बाजार नाही हा.” मग ती त्या बारकुश्या विमानात वाकून शिरली. पुढं वैमानिकाची मान दिसत होती, त्यावर घामोळं उठलेलं. मिझेनं जपमाळ हातात घेतली आणि डोळे मिटले.

डोळे उघडले तेव्हा खाली समुद्र होता. ज्याच्या भरवशावर ती एकोणीस वर्षं शांत झोपली तो समुद्र. वरून त्यावर लाटसुद्धा दिसत नव्हती. एक गलबत होतं, शीड भरलेलं, आणि ते जागचं हलत नव्हतं. तिला वाटलं, हे उद्या सकाळी पोचणार, आणि मी आत्ता. माळेचा एक फेराही पुरा झाला नव्हता तोवर पांढऱ्या फेसाची रेघ आली, मग खारफुटी, मग नारळ, मग पत्र्याची घरं. विमान टेकलं. मिझे बसून राहिली. एवढंच होतं हे? एवढ्याशा पाण्याला ती भिंत समजत आली होती? सवत इतकी वर्षं जणू परसात बसली होती आणि हिला पत्ताच नव्हता.

बाहेर तीनचाकी बजाजी रिक्षा उभ्या होत्या. एका टक्कल पडलेल्या माणसानं तिच्या बोलण्यावरूनच ओळखलं. “पेंब्याच्या मावशी वाटतं. बसा.” तिनं म्वानाइदीच्या वस्तीचं नाव सांगितलं. एकोणीस वर्षं न विचारता पाठ झालेलं नाव.

म्वानाइदीला तिनं मनात कितीदा घडवली होती. गोरी, भरलेली, सोन्याच्या दाताची, नखरेल. दारात बसलेली बाई उंच होती, हडकुळी, कानाजवळचे केस पिकलेले. नाकावर दोऱ्यानं बांधलेला चष्मा आणि मांडीवर अर्धी शिवलेली टोपी. आणि अंगावर, त्या अगदी साध्या दिवशी, घरच्या घरी, ‘ईद मुबारक’. मिझे जो पेटीत जपत होती तो ही रोज वापरून विटवत होती. हेही मिझेला लागलं.

म्वानाइदीनं आधी कांगा बघितला, मग चेहरा. टोपीतली सुई काढून तिनं गळ्यापाशी कापडात खोचली.

“मिझेबाई,” ती म्हणाली.

“ओळखलंस.”

“या थानातले दोनच तुकडे आपल्या दोन घरांत येतात. आत या. टोप्या तिकडून फार विरून येतात, त्याबद्दल विचारायचंच होतं एकदा.”

“आमचं पाणी जड आहे,” मिझे म्हणाली. “तो कुठंय?”

“कोण?”

“खेळ नको करूस पोरी. सकाळी आलेला तो.”

म्वानाइदीनं चष्मा काढला. “खेलेफचे बाबा उद्या सकाळी येतील. गलबतानं येतात ते. आज रात्री समुद्रावर असतील. फोनही लागत नाही.”

मिझे उंबऱ्यावरच बसली. “तो आज सकाळी विमानानं आला. माझ्या हातचा चहा पिऊन. दर खेपेला विमानानं येतो, किती महिने झाले.”

“अंगाला मीठ असतं,” म्वानाइदी हळू म्हणाली. “मी स्वतः कपडे झटकते.”

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. आठवी रात्र हिच्याकडे नव्हती. तिच्याकडेही नव्हती. आणि मग दोघींच्या मनात एकाच वेळी एकच गोष्ट आली, कारण दोघींचे ओठ सारखेच आवळले गेले.

“तिसरी,” म्वानाइदी म्हणाली.

“या वयात,” मिझे म्हणाली. “या गुडघ्यांनी.”

बजाजीवाला अजून दारातच होता. पाणी मागून घेऊन पीत होता. तांब्या खाली ठेवत तो म्हणाला, “मावशी, तुम्ही पांढऱ्या टोपीच्या म्हाताऱ्या नाखव्याबद्दल बोलताय का? त्यांना मीच नेतो दर वेळी. विमानतळावरून सरळ गलबतांच्या किनाऱ्यावर. मध्ये नुसत्या तळलेल्या कसाव्याच्या कंदासाठी थांबतात.”

“किनाऱ्यावर कुणाकडे?” दोघी एकदम.

“ते मी कसं बघणार? मी रस्त्यावर सोडतो.”

“चल,” मिझे म्हणाली. म्वानाइदीनं दाराला कडी घातली. एका बजाजीत, एका बाकावर, एकाच रंगात गुंडाळलेल्या दोघी सवती बसल्या. खड्डा आला की खांद्याला खांदा लागायचा आणि दोघी आपापल्या बाजूला सरकायच्या.

ओहोटी होती. गलबतं चिखलात कलंडून पडली होती, माणसं त्यांच्या फटींत कापूस ठोकत होती, माशाच्या तेलाचा वास होता. सूर्य खाली आलेला. दोघी एका उलट्या मचव्याच्या आडोशाला थांबल्या, कारण तेवढ्यात त्यांना हसू ऐकू आलं.

मिझेनं ते हसू ओळखलं, पण कुठलं ते आठवायला वेळ लागला. खेलेफ पहिल्यांदा चालला तेव्हाचं होतं ते. मकामे त्याच्या जुन्या, विकलेल्या गलबताच्या सावलीत बसला होता. समोर बाओ या खेळाचा पाट, खळग्यांत बिया, चार म्हातारे खलाशी. त्यानं मूठभर बिया उचलल्या, खळग्या-खळग्यांतून टाकत गेला, शेवटची टाकून डाव मारला आणि उडी मारून उभा राहिला. उडी मारून. त्या गुडघ्यांनी. मग समोरच्याच्या पाठीत धपाटा घालून तो पुन्हा हसला, सगळे दात दाखवत, पडलेल्या दातांच्या जागासुद्धा दाखवत.

“माझ्या घरी उठताना भिंत धरतो,” म्वानाइदी म्हणाली.

“माझ्या घरी मला धरतो,” मिझे म्हणाली.

बाई असती तर मिझेला काय करायचं ते ठाऊक होतं. बाईच्या झिंज्या असतात, नाव असतं, गाव असतं, तिच्याशी पाळी वाटून घेता येते. इथं चार म्हातारे, एक फळी आणि मूठभर बिया. तिनं ज्या माणसाच्या हसण्याची इतकी वर्षं वाट बघितली त्यानं ते हसू असं चिखलात सांडून ठेवलं होतं, कुणीही उचलावं. सवतीचा इतका हेवा तिला कधी वाटला नव्हता जितका त्या क्षणी त्या चार म्हाताऱ्यांचा वाटला.

ती आडोशातून बाहेर पडली. म्वानाइदी मागून.

कोंबो नावाचा एक जुना खलाशी होता, त्यानं आधी बघितलं. “नाखवा,” तो म्हणाला, “एक तर माझ्या डोळ्यांत फूल पडलंय, नाहीतर एकच बाई दोनदा चालत येतेय.”

मकामेनं वळून पाहिलं. त्याच्या मुठीतल्या बिया पाटावर गळल्या.

“आत्ताच उतरलो,” तो म्हणाला.

“कशातनं, नाखवा?” कोंबो म्हणाला. “सकाळपासून तीन डाव हरलायस.”

“बसा,” मिझे म्हणाली. “उभं राहू नका, गुडघे दुखतील.”

तो बसला. बाकीचे कापूस ठोकण्याचं काहीतरी निमित्त काढून उठले, पण लांब कुणी गेलं नाही.

“ही रात्र कुणाची?” मिझेनं विचारलं.

त्याला खोटं सापडत नव्हतं, की ते शोधायचा कंटाळा आला होता, कोण जाणे. शेवटी म्हणाला, “माझी.”

“तुमची म्हणजे?”

“एकोणीस वर्षं होती. इथून तिथं जायला एक रात्र लागायची. त्या रात्रीत मी कुणाचा नसायचो. दोघींनी मोजलीच नाही ती रात्र, म्हणून कधी कळलं नाही तुम्हाला. मग ते विमान आलं. तुझ्या घरातून उठतो, वीस मिनिटं, आणि हिच्या घरात बसतो. तुझं बोलणं कानात असतं तोवर हिचं सुरू होतं. मध्ये माणसानं श्वास कुठं घ्यायचा, खेलेफची आई?”

“मग मला सांगायचं होतंत.”

“तू मोजली असतीस.”

मोजली असती, हे खरंच होतं.

म्वानाइदी मात्र पुढं आली. “ते सगळं झालं. चला आता घरी. सकाळी आलात ना, मग आजपासून पाळी माझी.”

मिझेनं पश्चिमेकडे बघितलं. शहराच्या पत्र्यांमागं सूर्याची शेवटची कड गेली. “आता नाही,” ती म्हणाली. “सूर्य मावळला तेव्हा तो कुठल्याच छपराखाली नव्हता. ही रात्र ना तुझी ना माझी. शेखांचा नियम आहे.”

“तुमचे शेख तुमच्या बेटावर.”

“नवरा कुठून आणलास? बेटावरूनच ना?”

कोंबो खाली मान घालून हसला. दोघी सवती आल्या तशा निघाल्या, आणि मिझेच्या पाठीला जाणवत होतं की मागं अजून कुणी बाओच्या पाटाला हात लावलेला नाही. मग तिनं बिया पडल्याचा आवाज ऐकला. तो आवाज तिला पुष्कळ टोचला.

परतीचं विमान सकाळचं, म्हणून ती म्वानाइदीकडेच राहिली. म्वानाइदीनं नारळाच्या रसातली मासळी वाढली. मिझेनं घर नजरेनं मोजलं. तसंच घड्याळ, तशीच पेटी, तशाच पेल्यांची जोडी. सगळं सारखं आणलेलं. मग भिंतीवर तिला एक लहानसं लाकडी गलबत दिसलं, शिडासकट, दोरांसकट.

“हे कुणी केलं?”

“त्यांनीच. मागं पाऊस लागून राहिला होता तेव्हा. सात दिवस कोरत बसले होते.”

मिझेकडे असं काही नव्हतं. तिच्याकडे पाऊस लागला की मकामे छपराच्या गळतीखाली भांडी ठेवायचा.

“तुमच्याकडे खेलेफ आहे,” म्वानाइदी ताटाकडे बघत म्हणाली. “तो फोन करतो तेव्हा ते बाहेर जाऊन बोलतात. मला ऐकू येऊ नये म्हणून नाही. मला दुखू नये म्हणून. त्यानं जास्त दुखतं.”

मासळीचा मोठा तुकडा मिझेनं म्वानाइदीच्या ताटात सरकवला, आणि मग तिला त्याचाही राग आला.

सकाळी मकामे दारात हजर, अंगाला मीठ लागलेला. तिघं एकाच बजाजीतून विमानतळावर आली. मिझेला इथंही काट्यावर उभं केलं. विमानात एक जागा रिकामी आहे, असं खिडकीतल्या बाईनं सांगितलं.

मकामेनं ते ऐकलं. तो पुढं आला. रात्रभर झोपला नसावा. म्हणाला, “खेलेफची आई, मी येतो तुझ्याबरोबर. आत्ता, असाच. कांदे राहू देत.”

एकोणीस वर्षांत त्यानं तिला असं काही म्हटलं नव्हतं. शिडानं नाही, पंखांनी येतो म्हणत होता, तिच्या शेजारी बसून. सूर्य मावळायला तिच्या छपराखाली. वावीत विमान उतरताना सबीहा कुंपणाशी असणार, तिला दोघं उतरताना दिसतील. मिझेच्या तोंडाला पाणी सुटावं तसं झालं.

तिनं म्वानाइदीकडे बघितलं. ती चष्मा काढून कांग्याच्या टोकानं पुसत राहिली, आधीच स्वच्छ असलेली काच. तो चेहरा मिझेला ओळखीचा होता. काल दुपारी विमानाच्या काचेत तिनं तोच बघितला होता, स्वतःचा.

आज मी नेला, तर उद्या ही येईल. समुद्र वीस मिनिटांचा आहे. माझ्या पाळीतून ही उचलून नेईल, आणि मला दारात उभं राहून काच पुसावी लागेल.

“पाळी तिची आहे,” मिझे म्हणाली. “सातच्या वर एक दिवस झाला तर मी परत येईन. आता मला वाट माहीत आहे.” मग म्वानाइदीला म्हणाली, “टोपी हातानं धुईन म्हणावंसं वाटतं, पण बघू.”

“बघा,” म्वानाइदी म्हणाली.

मिझेनं कांगा डोक्यावरून पुढं ओढला आणि ती त्या तापायला लागलेल्या डांबरावरून विमानाकडे चालू लागली, सावकाश, मान ताठ ठेवून, एकदाही मागं न बघता. तारेच्या कुंपणाशी मकामे उभा होता आणि तिच्याकडे बघत होता. म्वानाइदी त्याच्या शेजारी उभी होती, आणि ती विमानाकडे नाही, मिझेकडे नाही, बघणाऱ्या मकामेकडे बघत होती.